गाठ कुठल्या अंगाला

लहान मुलाला घेऊन दवाखान्यात शिरताना मोठी माणसं त्याला एकच सांगत असतात, रडायचं नाही. आमच्याकडे उलटा कारभार होता. आई मुलाला मांडीवर घेऊन खुर्चीत टेकली की देवधर सर तिला म्हणायचे, "याला जरा रडवता का?" ती बिचारी आधी सरांकडे बघायची, मग माझ्याकडे. मी मान डोलवून सांगायचे की डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर आहे, रडवा.

मी शालन. नगरमधल्या मुलांच्या सर्जरीच्या एका खासगी दवाखान्यात मी थिएटर सिस्टर होते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मी कळवलं होतं की मी आयुष्यभर कात्र्या उकळल्या, त्यात लिहिण्यासारखं काय आहे. मग रात्रभर मलाच एकेक आठवत राहिलं आणि झोप गेली ती गेलीच. तर लिहिते. सर्जननी काय केलं ते सर्जन लिहितील. मी माझं लिहिते.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त मुलं यायची ती अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची. गावाकडची माणसं "आंत उतरतंय" म्हणायची, आंत म्हणजे आतडं, आणि ते तंतोतंत बरोबर होतं. मुलगा आईच्या पोटात असताना त्याची अंडगोळी पोटातून खाली उतरते. उतरण्याची वाट जांघेतून जाते. गोळी खाली पोचली की मागचं दार बंद व्हायला हवं. काही मुलांत ते बंद व्हायचं राहून जातं, मग मूल रडलं, खोकललं, कुंथलं की आतडं त्या दारातून बाहेर डोकावतं आणि जांघेत गाठ दिसते. मूल शांत झालं की आतडं आपलं आत. मुलींतही होतं, पण कमी. मोठ्या माणसांसारखी जाळी वगैरे मुलांना लागत नाही. दार शोधायचं, बाहेर आलेली पोटाच्या अस्तराची पिशवी मोकळी करायची आणि मुळाशी बांधून टाकायची. सरांच्या हाताला त्यात अर्धा तासही लागत नसे.

पण करायला हवं, आणि वेळेत करायला हवं. कारण एखाद्या दिवशी आतडं बाहेर येतं आणि परत जात नाही, अडकून बसतं. मग गाठ दगडासारखी टणक होते, मूल हिरवं ओकायला लागतं. अशी मुलं टेम्पोत घालून आणलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आयांचे चेहरेही पाहिले आहेत. म्हणून "मोठा झाला की आपोआप बरं होईल" असं सांगणाऱ्या प्रत्येक शेजारणीवर माझा राग होता आणि अजून आहे.

आता गंमत अशी की हा अंतर्गळ घरी दिवसातून दहा वेळा दिसायचा आणि डॉक्टरांसमोर आला की लपायचा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय सर ऑपरेशन ठरवत नसत. म्हणून रडवणं. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातला एक कामगार दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. दांडगा गडी, झुपकेदार मिशा. त्याला सांगितलं, रडवा. त्यानं तिच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं. तिचा ओठ थरथरला मात्र, यानं बिस्कीट परत दिलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळेला त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. बाप रडतोय हे बघून पोरीनं असा काही टाहो फोडला की गाठ तर दिसलीच, वर बाहेर बसलेली चार मुलं पण रडायला लागली आणि त्यातल्या एकाची गाठ सरांनी तिथल्या तिथे तपासून घेतली.

मोठ्या मुलांना फुगा फुगवायला लावायचो. फुगवताना पोटात जोर येतो. केडगावचा एक पाच वर्षांचा पोरगा आजोबांबरोबर यायचा, त्यानं एका बैठकीत तीन फुगे फुगवले पण गाठीचा पत्ता नाही. शेवटी आजोबा पुढे आले, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पोरगं असं खदखदून हसलं की गाठ टुणकन बाहेर. काय सांगितलं ते आजोबांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाईमाणसासमोर सांगण्यासारखं नाही म्हणाले.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी सर मुंबईला जाऊन दुर्बिणीचं काम शिकून आले. मोठ्या माणसांची पित्ताशयाची ऑपरेशनं तेव्हा दुर्बिणीनं व्हायला लागली होती, पण मुलांसाठी दुर्बीण म्हणजे अप्रूप होतं. ती आली तेव्हा मी बघतच राहिले. स्वेटर विणायच्या सुईएवढी जाड, आत काचा, एका टोकाला उजेडाची वायर. सुरुवातीला टीव्ही नव्हता. सर एक डोळा मिटून दुसरा तिच्या टोकाला लावून बघायचे आणि आम्ही त्यांच्या भुवयांवरून आत काय दिसतंय याचा अंदाज करायचो. ती दुर्बीण धुणं, औषधात बुडवणं, पुसणं, गुंडाळून ठेवणं हे फक्त माझं काम. दुसऱ्या कुणाचा हात लागला की मी अशी बघायचे की आमच्या भुलीच्या डॉक्टर बोरा मॅडम म्हणायच्या, "शालनसिस्टर, ती सासरी जाणार नाहीये." पोटातल्या उबेत गेली की तिच्या काचेवर वाफ धरायची, म्हणून मी एका थर्मासमध्ये गरम सलाईन ठेवत असे. आत घालायच्या आधी ती त्यात बुडवून पुसून द्यायची. तो थर्मास मी घरून आणलेला होता.

दुर्बिणीचा उपयोग काय, हे सांगायला हवं. दारं दोन असतात, डावं आणि उजवं. एकीकडे गाठ दिसत असली तरी दुसरीकडचं दारही उघडं राहिलेलं असू शकतं. पूर्वी सर्जन दोन्हीकडे कापून बघायचे, म्हणजे बऱ्याच मुलांना दुसरा छेद फुकटचा. नाहीतर एकीकडचं करून घरी पाठवायचे आणि काही मुलं वर्षभरानं दुसरी गाठ घेऊन परत यायची. दुर्बिणीनं हा घोळ मिटला. गाठीच्या बाजूला जांघेत बोटाच्या पेराएवढा छेद, पिशवी मोकळी करायची, तिच्यातूनच दुर्बीण पोटात सरकवायची, थोडा वायू सोडून जागा करायची आणि पलीकडचं दार आतून बघायचं. बंद असेल तर हात लावायचा नाही. उघडं असेल तर त्याच भुलीत तेही उरकायचं. नातेवाइकांना सर समजावून सांगायचे, "एका बाजूनं दुर्बीण घालून दुसरी बाजू बघतो." दोन्ही बाजूंची परवानगी आधीच घेऊन ठेवलेली असायची.

आता माझ्या पद्धतीकडे येते. मूल भुलीनं झोपलं की गाठ आत गेलेली असते. दोन्ही जांघा सारख्याच दिसतात. म्हणजे बाजू कुठली हे आधीच पक्कं हवं. केसपेपरवर सर लिहायचे, पण आयांना विचारावं तर गोंधळ. आई मुलाकडे तोंड करून उभी असते, तिची डावी ती मुलाची उजवी. एक आई "डावी" म्हणाली, तिचा नवरा "उजवी" म्हणाला, आणि दोघंही एकाच जागी बोट दाखवत होते. जांभळ्या औषधानं खूण करून बघितली. पण ऑपरेशनला न्यायचं म्हणून आया मुलांना असं घासूनपुसून अंघोळ घालून, पावडर लावून आणायच्या की खूण नावालाही उरायची नाही.

मग मला करदोडा दिसला. गावाकडच्या जवळपास प्रत्येक बाळाच्या कमरेला काळा करदोडा असायचा आणि तो काढायला आया कबूल होत नसत. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा आम्ही तो वर सरकवून चिकटपट्टीनं छातीला चिकटवायचो. मी ठरवलं, ज्या दिवशी सर गाठ डोळ्यांनी बघतील त्याच वेळी करदोड्याला त्या बाजूला तांबड्या रिळाचा एक तुकडा बांधायचा. करदोडा फिरतो हे मलाही कळत होतं, म्हणून आईला सांगायचं की रोज अंघोळ झाली की तांबडा दोरा गाठीच्या बाजूला आणून ठेव. ही पद्धत झकास चालली. आयांना डावं-उजवं बोलायचं कामच उरलं नाही. सरांनी एकदा बाहेरगावच्या डॉक्टरांना कौतुकानं ही युक्ती सांगितली आणि "आमच्या सिस्टरांचं डोकं" असं म्हणाले. मी आठवडाभर ताठ मानेनं फिरत होते.

माझे वडील मात्र हसले. आमच्या घरातून गंडेदोरे माझ्या जन्माच्या आधीच, छप्पन साली, धम्मदीक्षा घेतली तेव्हा हद्दपार झाले होते. ते म्हणाले, आम्ही सोडले आणि तू परत बांधायला लागलीस. मी त्यांना सांगितलं की हा देवाचा दोरा नाही, ऑपरेशनचा आहे. खरं सांगायचं तर काही महिन्यांत माझीही त्या दोऱ्यावर श्रद्धा बसली होती. केसपेपर काढून बघण्याचा मला कंटाळा यायला लागला होता.

सागर हा जामखेडच्या बाजूच्या एका वाडीतला सव्वा वर्षाचा मुलगा. आई कांता, वीस-एकवीस वर्षांची, बोलायला कमी. तिच्याबरोबर नवरा आणि सासू. पहिल्या दिवशी गाठ कुठे ते विचारलं तेव्हा कांतानं काही न बोलता मुलाच्या उजव्या जांघेवर दोन बोटं ठेवली होती. तो रडला, गाठ तिथेच दिसली, सरांनी केसपेपरवर "उजवी" लिहिलं आणि मी करदोड्याला उजवीकडे तांबडा दोरा बांधला. पंधरा दिवसांनी, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, ते भरती झाले. मी मुलाला वजनाला आणि रक्ताला आत नेलं, परत आणून दिलं.

सकाळी सागरचा पहिला नंबर होता. मी थिएटरच्या दारात मुलाला घ्यायला गेले. कांताच्या कडेवर तो टुकूटुकू बघत होता. मी त्याचं झबलं वर केलं. तांबडा दोरा डावीकडे होता, नीट, गाठ मारलेली. मी कांताला म्हटलं, "डावीकडेच ना?" तिनं दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मान डोलवली. मी मुलाला घेऊन आत गेले. केसपेपर माझ्या काखेत होता.

बोरा मॅडमनी भूल दिली. सरांनी हात धुऊन येत विचारलं, "बाजू?" मी म्हटलं, "डावी." सरांनी डावीकडे छेद घेतला.

पिशवी सापडायला नेहमीपेक्षा वेळ लागला. सापडली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जेमतेम. सर म्हणाले, एवढ्याशा जागेतून त्या दिवशी तेवढी मोठी गाठ कशी आली असेल. मी दुर्बीण थर्मासमधून काढून, पुसून त्यांच्या हातात दिली. तोवर आमच्याकडे छोटा टीव्ही आला होता, त्यामुळे पुढचं आम्ही सगळ्यांनीच बघितलं. पलीकडचं, उजवं दार सताड उघडं होतं. सरांनी बाहेरून उजव्या जांघेवर बोट दाबलं तर पडद्यावर ते दार आत-बाहेर हललं.

बोरा मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग त्या उठल्या आणि टेबलाखालच्या ट्रेमधून केसपेपर काढून सरांच्या समोर धरला. त्यावर सरांच्याच अक्षरात "उजवी" होतं. मला माझ्या हातातली दुर्बिणीची वायर जड लागायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या हातून वस्तू पडल्या होत्या, एकदा एक मोजणी चुकली होती, पण मुलाच्या अंगावर माझ्या चुकीचा छेद कधी पडला नव्हता.

सरांनी दोन्ही दारं व्यवस्थित बंद केली. शेवटचा टाका घालून झाल्यावर मास्क खाली घेत ते म्हणाले की डावीकडेही थोडं उघडं होतं, पुढे त्रास झाला असता किंवा नसता, आता ते मिटलंय. मग म्हणाले, "दुर्बिणीतून दुसरी बाजू सापडली, दोन्ही केल्या, असं सांगितलं तर त्यात खोटं काहीच नाही." देवधर सर सज्जन माणूस. हे वाक्य त्यांनी मला वाचवायला शोधलं होतं, स्वतःसाठी नाही. मी ते आनंदानं घेतलं. हत्यारं धुताना मी ते मनात दोन-तीनदा म्हणूनही बघितलं आणि प्रत्येक वेळी ते खरंच निघालं. दुर्बीण नसती तर सरांनी डावी बाजू शिवून टाकली असती आणि मूल अंतर्गळ तसाच घेऊन जामखेडला गेलं असतं, हे मात्र मी मनातल्या मनातही म्हणत नव्हते.

बाहेर बाकावर तिघं बसली होती. मी हसून सांगितलं की ऑपरेशन छान झालं, दुर्बिणीतून बघितलं तर दुसऱ्या बाजूलाही तसंच होतं, म्हणून दोन्हीकडचं एकदम करून टाकलं. मला वाटलं, खूश होतील. सागरच्या वडिलांनी बायकोकडे तोंड वळवलं. "दोन्हीकडं? तू तर येकाच अंगाला म्हनत हुतीस."

सासू लगेच बोलली. दिवसभर पोरगं हिच्या कडेवर, अंघोळ ही घालते, लंगोट ही बदलते, आणि दुसऱ्या अंगाची गाठ हिला दिसली नाही. "आई म्हनून घेती," असं म्हणून तिनं पदर झटकला.

कांता खाली बघत होती. मला समजायला थोडा वेळ लागला की माझं ते स्वच्छ वाक्य जाऊन तिच्यावर पडलं आहे. पहिल्या दिवसापासून तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. सर, मी, करदोडा या सगळ्या गोतावळ्यात एकटी तीच चुकली नव्हती, आणि बोलणी तिलाच बसत होती.

"थांबा," मी म्हटलं. "तिचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

मग मी सगळं सांगितलं. खरी गाठ उजवीकडेच होती, ती म्हणत होती तिथेच. मी दोरा बघितला, तो डावीकडे होता, म्हणून डावीकडे आधी कापलं गेलं. दुर्बिणीमुळे ते लक्षात आलं. डावीकडेही थोडी वाट उघडी निघाली, ती बंद केली, पण ती बघायला म्हणून आम्ही तिथे गेलो नव्हतो.

सागरचे वडील उठून उभे राहिले. "म्हंजी तुमी माज्या पोराला नको तितं कापलं."

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं की दोरा तर तुम्हीच बांधला होता, मग तो हलला कसा. याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. ते आजीकडे, म्हणजे कांताच्या सासूकडे होतं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. काल संध्याकाळी कांता धुणं धुवायला गेली होती, तेव्हा हिनं नातवाला अंघोळ घातली. जुना करदोडा विरला होता. ऑपरेशनला नेताना कमरेला जुना कशाला, म्हणून हिनं पिशवीतून नवा काढून बांधला, आणि सिस्टरबाईंचा तांबडा दोरा हरवू नये म्हणून तो सोडवून नव्या करदोड्याला आठवणीनं बांधला. नातू समोर उभा होता आणि ती त्याच्यासमोर बसली होती. तिच्या उजव्या हाताला तो दोरा गेला.

सागरचा बाप आपल्या आईकडे बघायला लागला ते बघणं मला सहन झालं नाही. मी त्याला म्हटलं, "आजींनी प्रेमानं बांधला. दोरा बघून कापा असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कागदावर उजवी लिहिलं होतं आणि तो कागद माझ्या काखेत होता." माझ्या मागे सर कधी येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही. ते म्हणाले, "आणि मी तो न वाचता सुरी हातात घेतली. सिस्टरांइतकीच माझीही चूक आहे." एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी असं म्हटल्यावर त्या माणसानं खाली बसून विचारलं की पोरगं बरं आहे का, आणि सर त्याच्या शेजारी बाकावर बसून सगळं समजावत राहिले.

दोऱ्याची पद्धत मी त्या दिवशीच बंद केली. तेव्हापासून मुलाला थिएटरमध्ये घ्यायच्या आधी केसपेपर मोठ्यानं वाचायचा, आणि आईला मुलाच्या अंगावर स्वतःचं बोट ठेवायला लावायचं. ते ठेवलं की त्याच्याभोवती मी पक्क्या शाईनं गोल काढायचे, दारातच, अंघोळ-पावडर सगळं झाल्यावर. आणि विचारताना फक्त "गाठ कुठं येते" एवढंच विचारायचं, पुढचा शब्द आपण बोलायचा नाही. पण हे शेवटचं मला माझ्या डोक्यानं सुचलेलं नाही. ते मला त्याच दुपारी वॉर्डात कांतानं शिकवलं.

नवरा आणि सासू खाली चहाला गेले होते. सागर जागा होऊन, थोडं दूध पिऊन तिच्या मांडीवर पेंगत होता. मी पट्ट्या बघायचं निमित्त करून गेले. माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. मी तिला विचारलं, सकाळी तुला दोरा डावीकडे दिसला असेल, गाठ उजवीकडे येते हे तुला ठाऊक होतं, मग तू बोलली का नाहीस.

ती म्हणाली, "दिसला की. मला वाटलं, काल तुमी आत नेलं हुतं, तवा तुमीच बांदला आसंल तिकडं. डाक्टर म्हनलं हुतं, येका अंगानं दुर्बीन घालून दुसऱ्या अंगाचं बगत्यात. म्हनलं तसंच आसंल."

त्यात तिचं काहीही चुकीचं नव्हतं. आम्ही सांगितलेलं तिनं नीट ऐकलं होतं आणि त्यावरून नीट विचार केला होता. मी म्हटलं, "पण मी तुला दारात विचारलं होतं ना गं."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. रागानं नाही. "न्हाई बाई. तुमी इचारलं न्हाई. तुमी सांगितलं, डावीकडं म्हनून. मी व्हय म्हनलं."

आयांना बोलायचं कामच उरू नये अशी पद्धत मी काढली होती, तिचं कौतुक करून घेतलं होतं, आणि ज्या एका बाईला खरं माहीत होतं तिलाही मी त्याच पद्धतीनं गप्प केलं होतं. मी तशीच खाटेशी उभी राहिले. आता ही म्हणेल, जा बाई, माझ्या लेकराला हात लावू नका, आणि तिचा तो हक्क होता.

कांतानं उशाची पिशवी पायानं जवळ ओढली. "ह्याला धरता का जरा?" ती म्हणाली. "सकाळपासनं काय खाल्लं न्हाई मी."

आणि तिनं मुलगा माझ्या हातात दिला. मी खाटेच्या कडेवर बसून, दोन्ही पट्ट्यांना धक्का लागणार नाही असा त्याला मांडीवर घेतला. ती खाली फरशीवर बसली, फडकं सोडलं, माझ्याकडे पाठ केली आणि भाकरी खायला लागली. बाहेर बाकावर चूक कबूल करताना मला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. तिनं एकदाही मागे वळून पोराकडे बघितलं नाही. सावकाश, पोटभर जेवली.